तळघरातले चौघे

आपण गेल्यावर आपलं काय उरावं याबाबत माझ्या साडूंइतका माफक अपेक्षेचा माणूस मी पाहिला नाही. आपली एक चूक उरावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

दिवसा ते जर्मनीत, ड्रेस्डेनच्या एका कॉम्प्युटर-चिप बनवणाऱ्या कारखान्यात, जिथे धुळीच्या कणालाही मज्जाव असतो, नखशिखांत पांढऱ्या पोशाखात वावरत. संध्याकाळी आमच्या इमारतीच्या केलरमध्ये, म्हणजे कोळशाच्या जुन्या तळघरात बसून आयरिश पाइप्स, म्हणजे भात्यावर चालणारी बॅगपाइप, वाजवत. एका काखेत भाता, दुसऱ्या काखेत पिशवी, मांडीवर नळ्या. लांबून वाटे, एखाद्या बदकाशी त्यांची कुस्ती चाललीय. वाजवत मात्र एकच जुनी आयरिश धून. ती हीटरच्या नळीतून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येई. कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या आयरिश सहकाऱ्याने मरण्यापूर्वी ती त्यांना दिली होती. अट अशी, की रेकॉर्ड करायची नाही, लिहायची नाही आणि आधीच्या वादकांच्या चुका दुरुस्त करायच्या नाहीत. साडू आधी कानाची पाळी पकडून त्या सगळ्यांचं स्मरण करत, मग भाता हलवत.

फुंकावं न लागणारं वाद्य अशा बोलक्या माणसाच्या हाती पडणं हा श्रोत्यांवर अन्यायच होता. "हा सुटलेला स्वर बोट तुटलेल्याचा," ते वाजवता वाजवता सांगत. "आणि ही जागा आंधळ्याची. दाराशी कुणी आलंय का, ते ऐकायला तो थांबायचा."

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. पण धून थांबे, खालचा खर्ज तेवढा घुमत राही, आणि मी दाराकडे बघे.

साडूंची स्वतःची चूक म्हणजे एका लांब तानेनंतर ते घसरलेला चष्मा वर सारायला थांबत. ती पुढे न्यायला होती फक्त त्यांची मुलगी. तिला मराठी कळे, उत्तर जर्मनमध्ये येई. ती खाली येऊन कानांत हेडफोन घालून बसे आणि ऐकतेस ना विचारलं की "या, या, पापा" म्हणे, म्हणजे जर्मनमध्ये हो, हो.

"नाही शिकली तर?" मी एकदा विचारलं.

"अहो, मग बोट तुटलेला, आंधळा, तो म्हातारा आणि मी, आम्ही चौघंही इथेच बसलेले असू."

गेल्या हिवाळ्यात साडू गेले. पाइप्स पेटीत गेल्या. नंतर एका दुपारी बंद हीटरच्या नळीतून ती धून वर आली, अगदी बारीक. मी खाली उतरलो. बोट तुटलेल्याचा स्वर सुटला. मग आंधळा थांबला. दाराशी या वेळी मीच होतो.

आत भाची पेटीवर बसून गुणगुणत होती. लांब तान संपली, ती थांबली आणि तिचं बोट नाकावर गेलं. तिला चष्मा नाही.

तिला निवांत गुणगुणू द्यावं म्हणून मी दार ओढून घ्यायला हात पुढे केला.

"काका, उघडंच असू दे," ती म्हणाली. मराठीत.

मी दार सोडलं. आणि का कोण जाणे, वाटेतून जरा बाजूला सरकून उभा राहिलो.