कोनाले अज्ञात?

पेनचं टोपण कॉम्प्युटरच्या काचेवर टकटक वाजलं, की समजायचं, आपल्या बातमीत 'अज्ञात' सापडला. मग मागून आवाज यायचा, "कोनाले अज्ञात? तुले, का डायवरले?"

हे आमच्या चंद्रपूर कार्यालयाचे प्रमुख. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, आम्ही बातमीदारही आणि खालचा चहावालाही. तुम्ही रोज पेपर वाचता, तेव्हा अज्ञात वाहन तुमच्याही ओळखीचं असेल. ते कुठे ना कुठे धडक देतं, पसार होतं आणि बातमीदाराचा चौकशीचा त्रास वाचवतं. माझ्यावर तर त्याचे फार उपकार. भाऊंना मात्र तो शब्द दिसला की अंगाला खाज सुटायची. "गाडीले नंबर असते, नंबरले मालक असते. लाव फोन!" फोन लागेपर्यंत डबा उघडू देत नसत. उघडल्यावर स्वतःच्या डब्यातली जवसाची चटणी माझ्या पोळीवर वाढत.

दुसरी खोड माफीची. बाकीचे पेपर स्वतःची चूक कुठे छापतात, पाहिलंय ना? टेंडरच्या जाहिरातीखाली, चष्मा लावूनही दिसणार नाही अशी. मी एकदा राजुऱ्याच्या एका निवृत्त गुरुजींच्या सत्काराच्या बातमीला 'शोकाकुल वातावरणात अंत्यसंस्कार' असा मथळा दिला. दोन बातम्यांच्या मथळ्यांची अदलाबदल झाली, एवढंच. पण गुरुजी सत्काराची शाल पांघरूनच ऑफिसात आले.

"मी मेलो काय हो?"

"नाई गुरुजी. आमची अक्कल मेली," भाऊ उठून उभे राहिले. "तुमी जिवंत हाय, हे उद्या पहिल्या पानावर सांगतो."

"पहिल्या पानावर?" मी कुरकुरलो. "भाऊ, लोक हसतील."

"चूक पहिल्या पानावर केली तं माफी सातव्यावर काऊन?"

लोक हसलेच. गुरुजींनी ती चौकट काचेत मढवून घेतली.

मग मोहाचे दिवस आले. पहाटे बायका टोपल्या घेऊन मोहफुलं वेचायला निघतात. सकाळी मला फोन आला, मूल गावाच्या रस्त्यावर एका फाट्याजवळ बाई मेली आहे. आता जंगल, मोह आणि बाई एवढं ऐकल्यावर चंद्रपूरच्या बातमीदाराला आणखी काय लागतं? मी अंथरुणातूनच मोबाइलवरच्या ग्रुपवर टाकलं, 'वाघाच्या हल्ल्यात महिला ठार'. लगेच ओळखीच्या वनरक्षकाचा फोन. "काय हो, आमच्या वाघाले टायर लावले काय तुमी? रस्त्यावर निशाण हाय ब्रेकचे!"

मी पोचलो तेव्हा लोकांनी बाईवर पेपर पांघरला होता. आमचाच. आमची नागपूरहून येणारी गाडी त्या फाट्यावर रोज अंकांचा गठ्ठा टाकते, त्यामुळे पेपर पाहून कोणाच्याच काही मनात आलं नाही. माझ्याही नाही. उलट, सांगायला जीभ रेटत नाही, पण त्या पांघरलेल्या पानांवर माझी बातमी कुठे आली आहे, ते मी मान वाकडी करून पाहिलं.

ऑफिसात आलो तर भाऊंच्या समोर आमच्या पेपरच्या गाडीचा ड्रायव्हर बसलेला.

"डोळा लागला, भाऊ. गठ्ठा टाकाले गाडी बाजूले घेतली अन्... मी थांबलो नाई."

"ठाण्यात जा. आताच जा," भाऊ म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "तू लिही."

मी आयुष्यात पहिल्यांदा कोणी न सांगता बरोबर लिहिलं. आमच्या दैनिकाच्या अंकांची वाहतूक करणाऱ्या गाडीच्या धडकेत, असं. वर गाडीचा नंबरही. छाती जरा फुगली होती.

पण ड्रायव्हर ठाण्यात पोचलाच नाही. वितरणवाल्यांनी त्याला गाडीसकट परस्पर नागपूरला बोलावून घेतलं. दुपारी मुख्य कार्यालयातून भाऊंना फोन आला. आम्हाला एवढंच ऐकू आलं, "हो साहेब... पण साहेब... हो साहेब." फोन ठेवून भाऊ बराच वेळ टेबलावरचं टोपण पेनला बसवत होते. ते बसत नव्हतं. मग माझ्या खुर्चीवर बसले, माझी ओळ पुसली आणि एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, स्वतः टाइप केलं. अज्ञात वाहनाच्या.

"चालते ना रे?"

इतक्या वर्षांत मला त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. मी 'नाही' म्हणालो असतो, तर त्यांनी ते पुसलं असतं, असं मला आज वाटतं. तेव्हाही वाटलं होतं.

"चालते, भाऊ," मी म्हणालो.

चार-पाच दिवसांनी एक माणूस जिना चढून आला. अंगावर मिरचीच्या तिखटाचा वास. तेलंगणात मिरची तोडायला गेला होता. बायको गेल्याचं कळायला आणि गावी पोचायला उशीर झाला, तिला माती देऊन झाल्यावर पोचला. खिशातून आमच्या बातमीचं कात्रण काढून त्यानं भाऊंच्या पुढं ठेवलं.

"साहेब, ठाण्यात गेल्तो. ते म्हनते, पेपरातई अज्ञातच आलं, तं आमी कुठून आनाची गाडी? गावचे लोक म्हनते, पेपरवाले सारं शोधून काढते." तो ओशाळल्यासारखा हसला. "मले काई नाई पाह्यजे. मारनारा कोन, तेवढं शोधून द्या. पोरगी विचारून राह्यली."

मी माझ्या कॉम्प्युटरमध्ये शिरलो. समोर काही नव्हतं, तरी टाइप करत राहिलो.

भाऊ म्हणाले, "शोधाची गरज नाई. गाडी आमचीच होय."

त्या माणसाला वाटलं, साहेब मस्करी करून राह्यले. तो थोडा वेळ तसाच हसत राहिला. मग थांबला.

"मंग असं काऊन लिवलं?"

"मी लिहिलं." भाऊंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या पोरानं बरोबर लिहून देल्लं होतं. मी बदललं."

तुम्हाला वाटेल, मी आता उठलो असेन आणि म्हणालो असेन, की मीही 'चालते' म्हणालो होतो. मी उठलो, हे खरं. पण पाणी आणायला.

पाणी घेऊन आलो तर दोघं जिना उतरत होते. खिडकीतून पाहिलं. त्या माणसाच्या मोटरसायकलवर मागे भाऊ बसले. पाय ठेवायची दांडी तुटलेली असावी, म्हणून त्यांनी एक पाय हवेतच धरला होता. ठाण्याच्या दिशेनं गेले. नागपूरचा फोन आला, "कुठे आहेत ते?" मी म्हटलं, "चहाला."

त्या दिवसानंतर भाऊ ऑफिसात आले नाहीत. त्यांनी सोडलं की त्यांना काढलं, हे मी विचारलं नाही. खाजवून खरूज कशाला काढा! त्यांच्या जबाबामुळे पुढच्या आठवड्यात ड्रायव्हरला अटक झाली. दुसऱ्या पेपरांनी 'एका दैनिकाची गाडी' एवढंच छापलं. आम्हा पेपरवाल्यांत हा जुना भाईचारा आहे. आज तुझं नाव झाकतो, उद्या तू माझं झाक. आमच्या मूलच्या वार्ताहराला मात्र ही रीत कोणी शिकवली नव्हती. त्यानं अटकेची बातमी नावागावासकट माझ्याकडे पाठवली.

माझ्याकडे, कारण खुर्चीत आता मी होतो. सकाळीच आदेश आला होता. बातमी मी दोनदा वाचली. त्यात एकही शब्द बदलण्यासारखा नव्हता, म्हणून ती मी ठेवून दिली. जागेअभावी. या शब्दाचं एक बरं आहे, त्यात कोणी खोटं बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंचा फोन आला. त्यांचा मला आलेला तो शेवटचा फोन.

"अटकेची बातमी दिसली नाई रे."

"पान सातवर घेणार होतो, भाऊ. जागा नव्हती."

पलीकडून पान उलटल्याचा आवाज आला. सातवं पान माझ्याही समोर उघडं होतं. मधोमध माझ्या नेमणुकीची बातमी होती, तीन कॉलम, हार घातलेल्या फोटोसकट, 'अभिनंदनाचा वर्षाव'.

"फोटो एक कॉलम केला असता," भाऊ शांतपणे म्हणाले, "तं दोनी बसल्या असत्या."

मी पान मिटलं. मग भाऊच म्हणाले, "चांगला आला पन फोटो. शर्ट नवा होय काय?"

"हो भाऊ," मी म्हणालो. "नवा आहे."