फुलाके

पहिली थप्पड बसली तेव्हा ओटीतली मोहाची फुलं खाली सांडली. दुसरी मारताना साहेब तीच फुलं तुडवत होता.

आमची वाडी शेणव्याजवळ. मुरबाडच्या रस्त्याला मुंबईच्या या साहेबानं फार्महाउस बांधलं, आणि वाडीचा मोह त्याच्या कुंपणात गेला. त्या सकाळी फाटक उघडं होतं. मी आत गेले. एवढाच गुन्हा.

"रानटी साले, दिसेल ते उचलतात!"

वॉचमननं केसांना धरून मला फरफटत त्याच्या केबिनमध्ये नेलं. बाहेरून कडी घातली. वर पत्रा तापलेला. पाणी मागितलं तर दारावर काठी आपटली. लघवी तिथंच झाली. दार उघडून ती मलाच माझ्या ओढणीनं पुसायला लावली. साहेब खुर्ची टाकून बघत होता.

संध्याकाळी बाप आला. हात जोडून उभा राहिला. साहेब त्याला म्हणाला, "कोंडलं नाही रे हिला. राखणीत ठेवलं होतं."

बाप मान खाली घालून म्हणाला, "चल गो."

वाडीतही तेच झालं. राखणीत होती, राखणीत होती. ऐकून ऐकून मलाच वाटायला लागलं, असेल तसंच.

मुरबाडला माझी आत्या प्रार्थनेला जायची. मन हलकं होईल म्हणून एका रविवारी मला घेऊन गेली. हॉलमध्ये पुढच्या खुर्चीत तोच साहेब. हॉल त्यानंच बांधून दिलेला. आत्याला त्याचा चेहरा माहीत नव्हता.

पास्टर ग्रीक शब्द समजावत होते. "फुलाके. बायबलातल्या शुभवर्तमानात तुरुंगाला हा शब्द आहे. मूळ अर्थ राखण. पहाराही फुलाके, रात्रीचा प्रहरही फुलाके, आणि माणसाला डांबतात ती जागाही फुलाकेच." मग म्हणाले, तुरुंगातल्याला भेटायला जातो तो येशूलाच भेटतो.

साहेबानं डोळे मिटून "आमेन" म्हटलं.

अंगात आग शिरली. मी उभी राहिले.

"पास्टर, या माणसानं मला मारली. फुलाकेत टाकली. तवा तुमच्यातलं कोण आलं भेटायला?"

"खोटारडी!" साहेब उठला. "मी फक्त राखणीत..."

त्याला पुढं बोलवेना. आख्ख्या हॉलनं आत्ताच राखणीचा अर्थ ऐकला होता. तो हात उगारून अंगावर आला. मी मनगट धरलं, पिरगळलं, ढकलला. खुर्च्यांसकट कोसळला. ओठ फुटून रक्त आलं.

पास्टर म्हणाले, "मुली, क्षमा कर."

"नाय करणार."

आत्या रडत होती. रडत रडतच माझ्यासोबत पोलीस ठाण्यात आली.

"मारलंयस तर तूच," हवालदार म्हणाला.

"माझ्यावर पण लिवा. पण आधी त्याचं लिवा."

दोन्ही केस चालू आहेत. मिटवायला माणसं येतात. एकदा बाप म्हणाला, "मोठ्या माणसाशी वैर कशाला गो?"

"मोठा कशानं, बा?"



कोर्टात मला विचारतील, राखणीत होतीस का? मी सांगणार, डांबली होती. किती वेळा विचारलं तरी हेच सांगणार. ढकलल्याची शिक्षा झाली तर भोगीन. पण यापुढं वाडीतल्या पोरीवर कुणी हात टाकला, तर तो हात मी मोडणार.