न घेतलेल्या ट्रेलरचे जाणकार

फोन आला तेव्हा मी इथे अमेरिकेत, आमच्या हर्नडन गावातल्या किराणा दुकानात भेंडी निवडत होते. पलीकडून माझी भाची रिया बोलत होती. ‘मावशी, बाबा गेले,’ एवढं ती मराठीत म्हणाली आणि पुढचं सगळं इंग्रजीत, कुणा परक्या माणसाबद्दल सांगावं तसं. हार्ट अटॅक. ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडायची चाकांवरची घरं, विकणाऱ्यांच्या आवारात. एका ट्रेलरखाली उताणं झोपून त्याचा सांगाडा तपासत असताना. मी हातातली भेंडी परत ढिगात टाकली आणि विचारलं, ‘ताई कुठे होती?’ ‘आत. त्याच ट्रेलरमध्ये. टेबलपाशी बसली होती.’ … खरं सांगायचं तर मला रडू आलं नाही, राग आला. माझ्या बहिणीला इतकी वर्षं ताटकळत ठेवलेल्या माणसाने शेवटीही तिला ताटकळतच ठेवलं, असं वाटलं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. माधवरावांबद्दल, म्हणजे माझ्या भाऊजींबद्दल, चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं बोलून झालंय. मी माझं सांगते.

माझी बहीण सुनंदा लग्नाआधी नागपूरच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. पुस्तकात न बघता फळ्यावर निळ्या खडूने अख्खी मिसिसिपी काढायची, उपनद्यांसकट. मी तिच्याच वर्गात होते, आणि घरी ताई असली तरी वर्गात तिला ‘बाई’ म्हणावं लागे. लग्न होऊन ती पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेजला आली, विद्यापीठाच्या लायब्ररीत पुस्तकं लावायच्या कामाला लागली, आणि ज्या देशातल्या नद्या मुलींकडून पाठ करून घ्यायची त्या देशात राहून तिने घरामागचा ओढा तेवढा पाहिला. विमानात तिचे कान भयंकर दुखत. मोटेलमध्ये भाऊजींना झोप लागत नसे. मग भाऊजी म्हणायचे, ‘मी रिटायर झालो की ट्रेलर घेऊ. गाडीला जोडायचा आणि निघायचं. आपलं घर आपल्या मागे. तुला हव्या तेवढ्या नद्या बघ.’ हे मी त्यांच्या स्वयंपाकघरात माझ्या कानांनी ऐकलंय. ताई तेव्हा पोळ्या लाटत होती. तिचा हात क्षणभर थांबला होता, तेही मी पाहिलंय.

भाऊजी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटी बघायचे. वस्तू नापास करणं हा त्यांचा पेशा होता, आणि रिटायर झाल्यावर तो त्यांनी ट्रेलरवर चालवला. दर शनिवारी ताई पोळी-भाजीचा डबा बांधणार, दोघं गाडीत बसणार आणि कुठल्यातरी गावाबाहेरच्या विक्रेत्याकडे जाणार. कंपन्यांची नावं मी इथे घेत नाही. आमच्या घरात ती कुणी घेतच नसे, कारण भाऊजींनी सगळ्यांना टोपणनावं ठेवली होती. लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकलेला स्वस्त प्रकार म्हणजे ‘पेटारा’. कुठेही दुरुस्त होतो, पण कपाटं स्टेपलच्या पिनांवर उभी. गुळगुळीत भिंतींचा, बटण दाबलं की एक खोली बाहेर सरकणारा, तो ‘बंगला’. दिसायला देखणा, पण भिंती थर चिकटवून केलेल्या, एकदा पाणी शिरलं की बाहेरून फोड आल्यासारख्या फुगतात. फायबरग्लासच्या दोन कवचांचं ते ‘अंडं’. सांधा एकच, त्यामुळे गळायची भीती कमी, पण आत उंच माणसाला ताठ उभं राहता येत नाही. आणि चकचकीत ॲल्युमिनियमचं ‘विमान’, जे टिकतं, विकायला काढलं तरी भाव देतं, पण घेताना घर गहाण टाकायची वेळ आणतं. भाऊजी प्रत्येकाचा दर्जा सांगायचे, मग किंमत, मग त्या किमतीला तो दर्जा कसा पुरेसा नाही ते सांगायचे. त्यांचं बोलणं चुकीचं नसे. माझी तक्रार तीच होती. माणूस चुकीचा असता तर वाद घालता आला असता.

एका थँक्सगिव्हिंगला आम्ही सगळे त्यांच्याकडे जेवायला होतो. भाऊजी कुठल्याशा बंगल्याच्या छताच्या फटी बुजवायला लावलेल्या सीलंटची नालस्ती करत होते. मी मधेच म्हटलं, ‘भाऊजी, यंदा तरी घेताय ना?’

‘बघतोय.’

‘आधी ताईचे गुडघे बघा. तुमचं चांगलं मॉडेल निघेपर्यंत ते थांबणार नाहीत.’

त्यांनी चमचा खाली ठेवला. ‘घाईत घेतलेली वस्तू जन्मभर डोक्याला ताप देते, शुभदा.’

‘जन्म उरलाय किती?’

‘पुरे गं,’ ताई म्हणाली, मला. त्यांना नाही. रियाने ताटातून मान वर केली आणि म्हणाली, ‘बाबा, जस्ट पिक वन.’ भाऊजींनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती सही न करता कारखान्यातून माल सोडून द्या म्हणत होती.

परतीच्या वाटेवर मी माझ्या नवऱ्याला, सतीशला, सांगितलं की आपण ट्रेलर घ्यायचा. आणि आम्ही घेतला. भाऊजींनी नापास केलेला बंगलाच घेतला, तोही बिनदिक्कत, एका दुपारी. त्यांना खिजवायलाच घेतला असं कुणी म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही. आमचा बेत होता की स्टेट कॉलेजहून ताईला घ्यायचं आणि इरी सरोवरावर जायचं. आम्ही पोचलो तर ताई दाराशी बॅग घेऊन उभी होती, पायात नवे बूट. भाऊजी बाहेर आले. ट्रेलरभोवती एक फेरी मारली, मागच्या खिडकीखाली अंगठा दाबला आणि तो तसाच दाबून ठेवला.

‘इथे मऊ लागतंय. पाणी शिरलंय.’

‘अहो, नवा आहे,’ सतीश म्हणाला.

‘नवाच आहे. म्हणून तर सांगतोय.’ मग ताईकडे न बघता म्हणाले, ‘सुनंदा यातून जाणार नाही.’

मी ताईकडे बघत राहिले. वाटलं, आता तरी बोलेल. वर्गात दंगा झाला की नुसत्या पट्टीच्या आवाजाने चाळीस मुलींना गप्प करणारी ही बाई… तिने बॅग उचलली आणि आत गेली. मी सतीशला गाडी सुरू करायला सांगितलं.

इरीला पाऊस लागला आणि भिंत नेमकी त्याच खिडकीखाली पाझरली. ताईला मी फोनवर सांगितलं, तिने त्यांना सांगितलं असणार, कारण काही आठवड्यांनी भाऊजी हत्यारांची पेटी घेऊन एकटेच हर्नडनला आले. कुणी बोलावलं नव्हतं. आमच्या घरापुढच्या ड्राइव्हवेवर दिवसभर खपून त्यांनी खिडकी काढली, आतलं कुजकं लाकूड बदललं, नवं सीलंट भरून खिडकी परत बसवली. चहा नको म्हणाले. ‘मी सांगितलं होतं’ असंही म्हणाले नाहीत. लोक याला मोठेपणा म्हणतील. मला तो अपमान वाटला आणि अजून वाटतो. ते पेटी गाडीत ठेवत असताना मी म्हटलं, ‘गळका होता, पण गेला तरी होता, भाऊजी.’

‘तुम्ही दोघंच होता म्हणून बरं,’ ते म्हणाले. ‘ती असती तर तिचं अंथरूण भिजलं असतं.’

असल्या काळजीचं काय करायचं, मला कळलं नाही. कोरड्या अंथरुणावर माझी बहीण म्हातारी होत होती. त्यानंतर भाऊजी आणि मी समारंभापुरतं बोललो. ‘प्रवास ठीक झाला ना?’ ‘झाला.’ एवढंच.

दिवसकार्य झाल्यावर स्टेट कॉलेजच्या मराठी मंडळींनी एका हॉलमध्ये सभा ठेवली. एकेक जण उठून बोलू लागला आणि मला प्रथमच कळलं की भाऊजींच्या सल्ल्याने किती जणांनी ट्रेलर घेतले होते. पुण्याहून नोकरीसाठी आलेला निखिल म्हणून एक मुलगा आहे, तो म्हणाला, ‘मी भलत्याच ट्रेलरसाठी साइन करणारच होतो यार. काकांनी अक्षरशः हात धरला. दुसरा दाखवला. आता आम्ही प्रत्येक लाँग वीकेंडला बाहेर असतो.’ मग कुणी ग्रँड कॅन्यनचं सांगितलं, कुणी यलोस्टोनचं, कुणी मेनच्या समुद्रकिनाऱ्याचं. सगळे डोळे पुसत होते, भाऊजींच्या पारखी नजरेचे गोडवे गात होते. त्यांच्या शब्दावर निम्मं गाव अमेरिका बघून आलं होतं. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. ताई पाण्याचं निमित्त करून मागच्या किचनमध्ये गेली होती. मला राहवलं नाही. मी उठले आणि म्हणाले, ‘तुम्ही सगळे फिरून आलात. माझी बहीण कुठे जाऊन आली, तेवढं कुणीतरी सांगा.’ एका काकूंनी ‘अशा वेळी…’ म्हणून सुरुवात केली, पण वाक्य पुरं केलं नाही.

किचनमध्ये ताई माझ्यावर चिडून उभी होती. तिने ऐकलं होतं.

‘तुला काय माहीत आहे?’ ती म्हणाली. ‘त्या दिवशी ते हो म्हणाले होते.’

मग तिने सांगितलं. ट्रेलर जुना होता, एकाने वापरून परत विकायला दिलेला. लहानसा पेटाराच, पण आधीच्या मालकाने नीट राखलेला. भाऊजींनी नेहमीसारखी सगळी कपाटं उघडून पाहिली, छतावर चढून आले, मग टेबलाशी ताईच्या समोर बसले. पोळी-भाजी खाल्ली. आणि म्हणाले, ‘हा ठीक आहे, सुनंदा. हा घेऊ.’ ताईला आधी समजलंच नाही. ते पुन्हा म्हणाले, ‘घेऊ. खाली एकदा बघून येतो.’

‘मी चहासाखरेचे डबे कुठे ठेवायचे ते बघत होते,’ ताई म्हणाली. ‘माझ्या पायाखाली त्यांची ठकठक चालली होती. मग ती थांबली. मला वाटलं, सापडलं काहीतरी. आता वर येतील आणि नाही म्हणतील… मी हाक मारली नाही, शुभदा. मला त्यांचा इतका राग आला होता की मी तशीच बसून राहिले. विक्रेता दारावर आला तेव्हाही मी म्हटलं, मला काही सांगू नका, त्यांनाच विचारा.’

मी तिला जवळ घेतलं. पण माझं मत बदललं नाही, आणि ते इथे लपवत नाही. ते वर आले असते तर खालच्या लोखंडी सांगाड्याला गंज आहे म्हणाले असते, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा डबा बांधला गेला असता. ताईला वाटतं, त्या दिवशी घेतलाच असता. यावर आम्ही वाद घालत नाही.

ताईने तोच ट्रेलर घेतला. मी नको म्हटलं, सतीश नको म्हणाला. रिया ओहायोत घोड्यांच्या दवाखान्यात काम करते, घोड्यांचे अवजड ट्रेलर ड्राइव्ह करून तिचा हात बसलेला आहे. तिने एवढंच विचारलं, ‘आई, आर यू शुअर? त्याच्याखालीच बाबा…’ ताई म्हणाली, ‘म्हणूनच. त्यांनी बघितलाय तो.’ थंडी ओसरल्यावर, वसंतात आम्ही तिघी निघालो. ओहायो नदीच्या कडेकडेने खाली, इलिनॉयच्या टोकाला, जिथे ती मिसिसिपीला मिळते तिथपर्यंत. शेवटचा चढ-उतार ताईने काठी टेकत, रियाचा दंड धरत केला. जमिनीचं टोक संपलं तिथे ती उभी राहिली. एका बाजूचं पाणी हिरवट, दुसऱ्या बाजूचं मातकट, आणि दोन्ही एकाच पात्रात शेजारी शेजारी लांबवर वाहत जाणारं, मधली रेघ स्पष्ट दिसणारी. मग ती म्हणाली, ‘मी मुलींना सांगायचे, संगमापाशी पाणी लगेच मिसळतं. चूक सांगत होते.’

ट्रेलर उभे करायच्या तळावर, आमच्या ट्रेलरमध्ये परत आलो, मी दार ओढून घेतलं आणि गॅसवर चहा ठेवला. दार हळूच उघडलं. मी पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. वाटेतही ते एकदोनदा असंच करत होतं, पण आमचं लक्ष नव्हतं. खिट्टी बसतच नव्हती. चौकट कुठेतरी तिरकी होती. ताई उठली. तिने लावून पाहिलं. दार उघडलं. तिने जोरात आपटलं. दार उघडलं. मग माझ्या त्या गप्प बहिणीने दारावर तळहात मारला आणि ती बोलू लागली, वर्गातल्या आवाजात. ‘अहो, दार बघायचं होतं. छतावर चढलात, कपाटं उघडलीत, दार नाही बघितलंत? खाली काय होतं? काय होतं खाली एवढं बघायला?’ शेजारच्या ट्रेलरमधली माणसं वळून बघू लागली. ती थांबली नाही. मिसिसिपी, गुडघे, लायब्ररी, नवे बूट, सगळं त्या दाराला सांगितलं. मग पायरीवर बसली आणि भाऊजी गेल्यापासून पहिल्यांदा रडली. रिया तिच्या मागे बसून राहिली. मी गॅस बंद केला.

आता ट्रेलर स्टेट कॉलेजला, ताईच्या घराच्या बाजूला उभा असतो. रियाने नवी खिट्टी आणून ठेवली आहे, पण ताई ती बसवू देत नाही. दार जुन्या ओढणीने बांधून ठेवते. मी गेले की आम्ही दोघी चहा घेऊन तिथे बसायला जातो. ओढणी सोडता सोडता ती भाऊजींना बोलायला सुरुवात करते, आणि मी कप धरून बाहेर उभी राहते. माझंही त्यांना सुनवायचं पुष्कळ राहिलंय. पण आधी तिचं होऊ दे.