धार्मिक कारण आहे का?

बुधवारी आईने कचेरीत डोक्यावरचा पदर उतरवला.

वडील गेल्यावर ती देश सोडून इथे परदेशी, यिशुनला माझ्याकडे राहायला आली होती. तिच्या इथे राहण्याच्या परवान्यासाठी, म्हणजे पाससाठी, फोटो द्यायचा होता. काउंटरवरची मलय बाई स्वतः डोक्याला स्कार्फ बांधून बसली होती. तिने आईचा पदर घेतलेला फोटो पाहिला आणि विचारलं, "धार्मिक कारण आहे का? असेल तर चालेल, तसं लिहून द्या."

मी विचार केला. आमच्याकडे मावशी पदर घेत नाही, काकू घेत नाही. मी म्हटलं, "धर्म नाही, रीत आहे." तिने पुन्हा विचारलं, जरा हळू आवाजात. मी पुन्हा तेच सांगितलं. खोटं लिहून द्यायचं नव्हतं.

"काय म्हणते ती?" आईला इंग्रजी येत नव्हतं.

"पदर धर्मात आहे का, विचारत होती. मी नाही म्हटलं. डोकं मोकळं हवं फोटोत."

"अगं, अनुग्रह घेतल्यापासून परक्यासमोर पदर काढला नाही मी. महाराजांना शब्द दिलाय."

हे मला ठाऊकच नव्हतं.

"एवढी पुस्तकं वाचतेस, मला एकदा विचारायचंस तरी."

मी काउंटरकडे वळले. पण आता हो म्हटलं तर बाईला तेच खोटं वाटेल, असं मनात आलं आणि मी तशीच मागे फिरले. तोवर आई फोटोच्या यंत्रासमोर जाऊन बसली होती.

पास हातात आला तेव्हा त्यावरचा फोटो बघून आई म्हणाली, "ही कोण बाई?" आम्ही दोघी हसलो. मात्र त्या बुधवारनंतर तिने महाराजांच्या पोथीला हात लावला नाही. "तू वाच, मी ऐकते." का, तर म्हणे डोळ्यांना दिसत नाही. वर्तमानपत्र रोज वाचायची.

दोन वर्षांनी ती गेली. दिवसकार्य झाल्यावर भावाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, अनुग्रहाला मी होतो की तिच्याबरोबर. नाम घे म्हणाले, बस. पदराचं काही बोलले नव्हते."

मग तिने शब्द दिला होता तो कुणाला? मनाशीच दिला असेल, तर तो धर्म म्हणायचा की रीत? पुष्कळ वाचून पाहिलं. त्या बाईला काय उत्तर द्यायला हवं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

पास परत केला. पोथी माझ्याकडे आहे. ऑफिसला जाण्याआधी एक अध्याय वाचते.