मागे न घेतलेला अर्ज

महापौरपद त्या खेपेला महिलांसाठी राखीव होतं आणि महापालिकेतल्या आमच्या लहानशा गटात बाई मी एकटीच. म्हणून माझा अर्ज भरला गेला. शाळेतून निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली होती. यजमान त्याआधीच गेले, मूलबाळ नव्हतं. वॉर्डातल्या कितीतरी घरांतली पोरं माझ्या हाताखालून गेलेली. तेवढ्या ओळखीवर अपक्ष निवडून आले आणि मग या गटात बसले.

अर्ज भरून बाहेर आले तेव्हा एका वार्ताहरानं विचारलं, "बाई, महापौर झालात तर आधी काय कराल?"

आठवडाभर मी त्याच विचारात होते. वहीचं पान भरलं होतं. म्हणाले, "आधी पाण्याची वेळ ठरवून देईन. जास्त पाणी देईन असं म्हणत नाही, ते माझ्या हातात नाही. पण नळ कधी येणार हे आदल्या दिवशी कळलं पाहिजे. मग क्रांती चौकात आणि बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह. आणि दवाखान्यांबाहेर बसायला बाकं."

त्यानं सगळं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं की मी शहराचा सर्वांगीण विकास करणार आहे.

पाण्याचं मी उगाच म्हणत नव्हते. आमच्याकडे चौथ्या-पाचव्या दिवशी नळ यायचा. कधी पहाटे, कधी भर दुपारी. घरात दुसरं माणूस असलं की एकजण थांबतं, एकजण कामाला जातं. माझ्याकडे थांबणारीही मीच आणि जाणारीही मीच. निवडून येण्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. माझी थोरली बहीण पाचोडला असायची. भाच्याचा सकाळी फोन आला, "मावशी, आईला बरं नाय. तुमची लई आठवण काढतीय."

"आज पाणी यायचंय रे. भरलं की निघते," मी म्हणाले.

हौद कोरडा होता, पिण्याचा हंडाही तळाला गेलेला. दिवसभर नळाकडे बघत बसले. पाणी आलं दिवेलागणीला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं पोचले, तर अंगणात माणसं बसलेली. भाच्यानं मला ओट्यावर बसवलं. मग म्हणाला, "काल दुपारी दोनदा विचारलं तिनं, आली का म्हणून."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. दोन हंडे पाण्यासाठी बहिणीला मुकले, हे कुणाला सांगायचं?

महापौराच्या निवडणुकीच्या दिवशी सभागृहात अर्ज मागे घ्यायला पंधरा मिनिटं दिली गेली. आमचे गटनेते टाइप केलेला कागद घेऊन माझ्याजवळ आले.

"बाई, इथं सही करा. समोरच्यांशी बोलणं झालंय. स्थायी समिती आपल्याकडं येतीय."

"मला कधी सांगणार होता?"

"आता सांगतोच की."

"मग माझा अर्ज भरला कशाला?"

ते हसले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. "अर्ज भरल्याशिवाय कुणी बोलायला बसतं का, बाई?"

माझ्या अर्जावर अनुमोदक म्हणून ज्यांची सही होती, ते जुन्या शहरातले वयस्कर नगरसेवक शेजारीच बसले होते. माणूस सज्जन. हळूच म्हणाले, "बाई, कर दो सही. गट का हुकूम है, मैं भी क्या करूँ?"

मी पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं. त्यात धाडस होतं असं नाही. सही करून घरी गेले असते, तर दार उघडून आत गेल्यावर स्वतःला काय सांगायचं तेच सुचत नव्हतं.

समोरच्या उमेदवाराचं नाव पुकारलं तसे हात भराभर वर गेले. अनुमोदकांचाही गेला, माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही. मग माझं नाव आलं. मी हात वर केला. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. अधिकारी म्हणाले, "एक," आणि कारकुनानं लिहून घेतलं. बाहेर गुलाल उधळला जात होता. मी बाजूच्या जिन्यानं उतरले आणि रिक्षा केली.

गटानं नोटीस धाडली. पुढं तिचं काही झालं नाही. त्यानंतर आठ-दहा दिवस घरी कुणीच फिरकलं नाही.

मग एक दिवस मीच आमच्या भागात पाणी सोडणाऱ्या माणसाला गाठलं. त्याच्या नोकरीची थोडीच वर्षं राहिली होती. तो म्हणाला, "बाई, मलाच आदल्या दिवशी संध्याकाळी कळतंय."

"मग तेव्हा मला सांगत जा."

तो रोज घरी जाताना माझ्या दाराशी सायकल थांबवू लागला. गल्लीच्या तोंडाशी मी एक फळा टांगला आणि त्यावर खडूनं लिहायला लागले: उद्या पाणी, सकाळी सात. कधी वेळ चुकायची, मग बायका माझ्यावरच ओरडायच्या. पण पहिल्याच महिन्यात शेजारीण सांगत आली, "बाई, पाण्याच्या दिवशी माहेरी जाऊन आले की! संध्याकाळच्या पाण्याला परत हजर."

पाण्याच्या दिवशी आता दोन-चार दारांना कुलपं दिसायची. वेळ मलाही ठाऊक असायची, पण बाहेर पडावं असं एकही ठिकाण सुचत नसे. मी दार उघडं टाकून बसायचे. दहा वाजेपर्यंत पेपर दोनदा वाचून व्हायचा.