चाळीसची हाव

पूर्णेत दिनकररावांना ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. सगळी हयात मीटरगेजच्या पॅसेंजरवर ड्रायव्हर म्हणून गेली. माणूस हाडाचा घाईचा, आणि वाट्याला गाडी अशी आली की सायकलवाल्यानंही टाटा करून पुढं निघून जावं. रुळाच्या कडेला वेगाच्या पाट्या. तीसची पाटी आली की तीस, पंधराची आली की पंधरा. ते मुकाट्यानं पाळायचे आणि घरी येऊन सगळी कसर चहावर काढायचे. वाफा निघत असतानाच कप रिकामा करून उठायचे. बायको चतुराबाई काही सांगायला लागली की यांचा एक डोळा घड्याळावर. "ह्या माणसानं माजं एक बोलणं पुरं ऐकलं आसंल तर शप्पत," असं ती शेजारणींना हसून सांगायची. हसायची खरी, पण ते तिला लागलेलं होतं.

नोकरी संपली आणि त्र्याण्णव साली दिनकररावांनी फंडातून कॉम्प्युटर आणला. लग्नपत्रिका टाईप करून द्यायच्या, असा बेत. पण खुर्ची बळकावली चतुराबाईनं. तिची थोरली बहीण कस्तुराबाई चारठाण्याला दिलेली. ती जात्यावर बसली की ओव्यांना खळ नसायचा. बहिणीच्या नातीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. तिथं भांड्याकुंड्यांऐवजी या ओव्यांचं छापील पुस्तकच आहेर म्हणून द्यायचं, हे चतुराबाईनं मनात पक्कं केलं. एका बोटानं, अक्षर हुडकत हुडकत, ती महिनोन्महिने टाईप करत राहिली. मशीन तिच्याहून संथ. पान पडद्यावर ओळीओळीनं उतरायचं, आणि ते पुरं होईपर्यंत ती तीच ओवी गुणगुणत बसायची. शेजारी दिनकरराव पाय हलवत बसलेले असायचे.

लग्न जवळ आलं तशी यांची चुळबुळ वाढली. त्यातच परभणीहून मशीन बघायला येणारा भुजंग बोलून गेला की आतल्या बोर्डावर बारीक पिना असतात, त्यांच्यावरची इवलीशी टोपी दुसऱ्या पिनांवर बसवली की पंचवीस मेगाहर्ट्झचा प्रोसेसर तेहतीसनं पळतो.

दिनकरराव खुर्चीतून उठलेच. "म्हंजी पाटी आपल्याच हातात हाय?"

"हाय काका, पण कंपनीनं पंचवीस लिवलंय ते उगंच न्हाई," भुजंग म्हणाला. "जास्ती पळवलं की तापतंय. आदी काकूच्या ओव्या फ्लॉपीवर उतरवून घ्या. मंग प्लग काढा, लोखंडी डब्याला हात लावून अंगातली बिजली उतरू द्या. टोपी आदी कुटं व्हती ते ध्यानात ठिवा. एका टायमाला एकच पायरी चढा आन् दिवसभर चालवून बघा. अडकलं की गुमान मागं या."

त्यानं प्रोसेसरच्या डोक्यावर छोटा पंखाही बसवून दिला.

भुजंगनं सांगितलं तसं दिनकररावांनी सगळं केलं. फ्लॉप्यांचं तेवढं राहिलं. नव्या फ्लॉप्या बाजारातून आणायच्या होत्या, आणि तोवर दम कोण धरणार? टोपी तेहतीसवर बसली. दिवसभर मशीन चालवलं, पंख्याखाली बोट लावून बघितलं, कोमटच लागलं. चतुराबाईनं गुणगुणायला तोंड उघडलं, तर पान तयार!

"आगं बया, झालं बी?" ती म्हणाली. दिनकररावांच्या मिशा तरारल्या.

इथंच थांबले असते तर ते दिनकरराव कसले? पुढची पायरी होती चाळीसची. आयुष्यभर सोसलेल्या पाट्यांचा सूड उगवायची संधी त्यांना पिनांमध्ये दिसायला लागली. एका दुपारी चतुराबाई हळदीकुंकवाला गेली आणि यांनी टोपी चाळीसवर बसवली. बाहेर उन्हाचा नुसता भडका. प्रोसेसर तापला म्हणून यांनी वाळ्याचा कूलर ओढून आणला आणि उघड्या मशीनवर सोडला. आतल्या तारा दमट झाल्या. घटकाभर पानं भराभर उमटली. मग अक्षरं एकमेकांवर चढली, पडदा काळा झाला, आणि नंतर मशीन एकच सांगायला लागलं, की डिस्कवर काही सापडत नाही.

चतुराबाई परत आली तेव्हा दिनकरराव पुढ्यात चहा घेऊन बसले होते. चहावर साय धरली होती. या घरात चहा आजवर गार झाला नव्हता.

"काय झालं वो?"

त्यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भुजंग आला. त्यानं बोर्ड सुकवला, टोपी मागं आणली, मशीन चालूही केलं. "प्रोसेसर वाचला काका," तो म्हणाला, "पण चाळीसच्या घाईत डिस्कवर भलतंच काईतरी लिवलं गेलं. ओव्या गेल्या."

चतुराबाईला रडू आलं आणि रागही आला. ती चुलीपाशी जाऊन भांडी आपटत राहिली. दिनकरराव बाजारात गेले, फ्लॉप्या घेऊन आले आणि गपचूप कीबोर्डपुढं बसले. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली.

"मी सांगती, तुमी टाइपा," ती म्हणाली. "कस्तुराबाईच्या ओव्या माज्या तोंडात हायती. तुमच्या डब्ब्यात न्हाईत म्हून काय झालं!"

रोज सकाळी बैठक बसायला लागली. ती म्हणायची, ते टाईप करायचे, पान संपलं की फ्लॉपीवर उतरवायचे. दिवसामागून दिवस तिला एकही ओवी अडली नाही. मग एक अडली.

"पूर्णेच्या ठेसनात गाडी घेती गं विसावा..."

पुढची ओळ काही येईना. तिनं डोळे मिटले, पुन्हा म्हटली, पुन्हा तिथंच थांबली. "कस्तुराबाई लेकीकडं गेलीय, इचारू तरी कुनाला? ऱ्हाऊ द्या ही."

दिनकररावांनी मान वर केली नाही. हात चालूच होते.

"हळू चालव डरायवरा, भाऊ खिडकीत दिसावा," ते म्हणाले.

चतुराबाई बघतच राहिली. "तुमाला कशी वो ठावी?"

"पान उमटंपतूर दुसरं काय काम व्हतं मला? सगळ्या ठाव्या हायत."

तिनं पदर डोळ्यांना लावला.

"म्हंजी ऐकत व्हता व्हय तुमी?"