साडूंचा एकच डोंगर

वेबसाइटवर फोटो लावायच्या जेवढ्या रीती जगात असतील, तेवढ्या सगळ्या आमच्या साडूंनी करून पाहिल्या आहेत. फोटो मात्र त्यांच्याकडे एकच आहे. जळगाव जामोदच्या त्यांच्या गच्चीवरून दिसणारा सातपुडा, अलीकडे संत्र्याची बाग आणि कोपऱ्यात तारेवर वाळत घातलेली चादर. ती चादर तेवढी बाजूला करायची होती, असं मी एकदा म्हणालो. "राहू द्या," साडू म्हणाले, "ते बी घरचीच आहे."

निवृत्तीनंतर माणसं देवळात जातात, नाहीतर सुनेच्या फोडणीत लक्ष घालतात. साडूंनी ब्लॉग काढला. तोही असा, की मजकूर साध्या फायलीत लिहायचा, संगणकाला एक हुकूम द्यायचा आणि तयार झालेली पानं आपल्या हातानं चढवायची. लेख दोन ओळींचा. पण फोटो कुठे ठेवावा, यावर चिंतन अखंड. शेगावला एका लग्नाच्या पंगतीत, माझ्या भातावर वरण पडत असताना त्यांनी मला गाठलं. "साडूभाऊ, फोटो लेखाजवळच ठेवला त घर बदलतानी संग येते. साऱ्या फोटोंची एकच खोली केली त पत्ता चुकते. अन् दुसऱ्याच्या साइटवर ठेवून नुसता दुवा देला, त मंग त्याच्या मर्जीवर. तुम्ही काय म्हणता?" मी वाढप्याकडे वळून म्हणालो, तूप वाढा. त्या दिवसांत त्यांच्या पानावर तोच डोंगर एकाखाली एक तीनदा उभा होता, दर वेळी निराळ्या रीतीनं आणलेला. दिसायला तिन्ही अगदी सारखे.

मग एके दिवशी चौथी रीत अवतरली. डोंगर सगळ्या पानाच्या मागे पसरला होता आणि त्याच्यावर अक्षरं तरंगत होती. स्वप्नात कुणाच्या तरी गच्चीवर उभं असावं, तसं वाटलं मला. मी मुद्दाम फोन करून शाबासकी दिली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर सगळं काढून टाकलेलं. मला रागच आला. कारण विचारलं तर म्हणाले, "चांगली होती, पण मुकी होती."

उलगडा झाला तो यंदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा. साडूंची बायको ही माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची आक्का. साखरेच्या आजारानं तिची नजर गेली आहे. अंगणात कोवळं ऊन अंगावर घेत ती मोबाइल कानाशी धरून बसली होती, आणि मोबाइल तिला साडूंचा ब्लॉग वाचून दाखवत होता. फोटो दिसलाच नाही तर कळावं, म्हणून त्याच्यामागे चार शब्द लिहून ठेवायची सोय असते. मोबाइल ते शब्द बोलतो. फोटो नुसता पानामागे पसरला की त्याला शब्द जोडता येत नाहीत, आणि मोबाइल गप्प. साडू रोज सकाळी गच्चीवर जातात, डोंगर पाहून येतात आणि त्याच जुन्या फोटोमागचे शब्द तेवढे बदलतात.

"तोंडानं सांगत नाहीत का?" मी विचारलं.

आक्का हसली. "तोंडानं इचारलं त म्हणतात, आहे तिथंच आहे. लिहाचं असलं का मंग बरोबर पाहून येतात."

आता मीही रोज ते पान उघडतो. आमच्याकडे नेट रडतखडत चालतं. आधी नुसती रिकामी चौकट येते, आणि तिच्यात साडूंचे शब्द असतात. "डोंगर आज धुक्यात अर्धाच आहे. संत्र्याले फूल आलं, वास तुले आला असन." शेवटचं वाक्य मात्र ते कधीच बदलत नाहीत. "तू वाळू घातलेली चादर अजून तारेवरच आहे."

मग वरून हळूहळू फोटो उतरू लागतो, शब्द त्याच्याखाली नाहीसे होतात, आणि मला वाटतं, जरा थांबला असता तर बरं झालं असतं.